मुदत संपते, कर्ज संपत नाही

विशेष प्रतिनिधी

वरवट बकाल (जि. बुलढाणा) : पूर्णेच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे पसरलेल्या संग्रामपूर तालुक्यात पैशाचे व्यवहार पिकाच्या चालीने चालतात. मृगाच्या सुमारास बियाणे आणि खत उधारीवर उचलायचे, कापूस-सोयाबीन घरात आले की हिशेब करायचा आणि पावसाने दगा दिला तर बाकी पुढच्या हंगामात ओढायची, ही येथील जुनी रीत आहे. वरवट बकालसारख्या गावात कृषी केंद्राची उधारी, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसे, सोसायटीचे पीककर्ज आणि क्वचित सावकाराची चिठ्ठी हे सारे एकाच कुटुंबाच्या डोक्यावर एकाच वेळी असू शकते. असे तीन-चार हंगाम सरले की प्रश्न उभा राहतो, इतके जुने देणे आता कायद्याने वसूल होते काय?

या प्रश्नाची दोन ठाम उत्तरे समाजात प्रचलित आहेत. ‘तीन वर्षे उलटली, कर्ज बुडाले’ हे एक, आणि ‘कागद आहे तोवर कर्ज आहे’ हे दुसरे. शहरातील सुशिक्षित मंडळीही यांपैकी एकावर श्रद्धा ठेवून असतात. वस्तुतः दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत आणि या अर्धवटपणाची किंमत कधी देणेकऱ्याला, तर कधी घेणेकऱ्याला मोजावी लागते.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १९६३ चा मुदतीचा कायदा, वकिलांच्या बोलीतला ‘लिमिटेशन अ‍ॅक्ट’. तो १ जानेवारी १९६४ पासून अमलात आला. कोणता दावा किती काळात दाखल करावा, याची एक लांबलचक अनुसूची त्याला जोडलेली आहे. साध्या पैशाच्या बहुतेक दाव्यांना ती तीन वर्षांची मुदत देते. हातउसने दिलेले पैसे, उधारीवर विकलेला माल, वचनचिठ्ठी या सर्वांना तीन वर्षे. स्थावर मालमत्ता गहाण ठेवून दिलेल्या कर्जाची वसुली त्या मालमत्तेतून करावयाची असेल तर बारा वर्षे. गहाण टाकणाऱ्याला आपली जमीन सोडवून घेण्याचा दावा करण्यास मात्र तीस वर्षे मिळतात. केंद्र आणि राज्य सरकार यांनी दाखल करावयाच्या दाव्यांनाही सामान्यतः तीस वर्षे आहेत. सरकारला एवढी सवलत कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडला तर तो गैर म्हणता येणार नाही.

कायद्याचे कलम ३ विशेष महत्त्वाचे आहे. मुदतीनंतर दावा दाखल झाला तर प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरीही न्यायालयाने तो फेटाळला पाहिजे, असे हे कलम सांगते. ‘मुदतीची हरकत घेणार नाही’ असे कर्जाच्या कागदावर आधीच लिहून घेण्याची शक्कल काही जण लढवतात. पण उभय पक्षांच्या संमतीने मुदत वाढत नाही. उशीर माफ करण्याचा जो अधिकार कलम ५ मध्ये आहे तो अपिलांना आणि काही अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. आजारपण, लेकीचे लग्न, दुष्काळ ही कारणे कितीही खरी असली तरी दाव्यातील एका दिवसाचाही उशीर त्यांनी भरून निघत नाही.

मुदत मोजायची कुठून?

सर्वाधिक घोटाळा होतो तो येथे. समजा, एका कृषी केंद्राने १० जून २०२२ रोजी एका शेतकऱ्यास ४० हजार रुपयांचे बियाणे व खत उधारीवर दिले. पैसे कधी द्यायचे हे ठरले नसेल तर मुदत माल दिल्याच्या दिवसापासून सुरू होते आणि १० जून २०२५ हा दाव्याचा शेवटचा दिवस ठरतो. ‘३१ डिसेंबरपर्यंत देईन’ असे ठरले असेल तर मोजणी त्या तारखेपासून होईल आणि दुकानदाराला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वेळ मिळेल. शेवटच्या दिवशी न्यायालयास सुटी असली तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा चालतो, एवढाच काय तो दिलासा.

हातउसन्या पैशांत याहून मोठा गैरसमज आहे. ‘मागेन तेव्हा दे’ या बोलीवर पैसे दिले असतील तर मुदत मागितल्यापासून सुरू होते, असे बहुतेकांना वाटते. कायदा नेमके उलटे सांगतो. मागताक्षणी परत करावयाच्या कर्जाची मुदत कर्ज दिल्याच्या दिवसापासूनच धावू लागते. भिडेखातर चार वर्षे न मागणारा भला माणूस पाचव्या वर्षी वकिलाकडे जातो तेव्हा त्याच्या हाती काही उरलेले नसते. सज्जनपणाला या कायद्यात गुण नाहीत. बँकेतील ठेवीचे मात्र तसे नाही. तेथे तीन वर्षे ठेवीदाराने मागणी केल्यापासून मोजतात, म्हणून आजोबांच्या नावावरील विसरलेले बचत खाते केवळ जुने झाले म्हणून बुडत नाही. दहा वर्षे पडून राहिलेल्या अशा ठेवी बँका २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग करतात, पण वारसांनी मागितल्यास त्या परत मिळू शकतात.

दिवाळीला वहीपूजन करून दुकानदार नव्या वहीत जुनी बाकी ओढून घेतो. ती ओढल्याने मुदत नवी होते, ही आणखी एक समजूत. दुकानदाराने स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा देणेकऱ्याला बांधत नाही. केवळ खातेवहीतील नोंदींवरून कुणावर देणे लादता येत नाही, हे पुराव्याच्या कायद्याचेही जुने सूत्र आहे. मुदत नवी होते ती देणेकऱ्याच्या हाताने.

दार बंद, देणे उभे

तीन वर्षे उलटली की नेमके काय घडते? याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका खटल्यात मिळते. मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला आणि गिरण्यांकडे पडून राहिलेली कामगारांची न दिलेली मजुरी त्या निधीकडे वळविण्याचे ठरविले. बॉम्बे डाइंग या गिरणीने त्यास आव्हान दिले. या मजुरीची मुदत केव्हाच संपली, म्हणून ती आता देणेच नव्हे, असाही युक्तिवाद त्यात होता. त्या कायद्याचे पुढे काय झाले हा भाग वेगळा. पण १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व स्पष्ट केले : मुदत संपल्याने दाद मागण्याचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही.

हा भेद वाटतो तितका पुस्तकी नाही. १९९२ साली पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात जामीनदाराने तारण म्हणून ठेवलेली मुदत ठेव बँकेने मुदतबाह्य कर्जात वळती करून घेतली. न्यायालयात दावा करता आला नसता तरी हाताशी असलेल्या तारणातून वसुली करणे गैर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. म्हणजे न्यायालयाची पायरी न चढता घेणे वसूल होण्याजोगे असेल तर मुदत आड येत नाही. चुकून वा भीड पडून एखाद्याने मुदतबाह्य कर्ज फेडले तर ‘ते कर्ज मेलेले होते’ म्हणून पैसे परत मागता येत नाहीत, तेही याच कारणाने.

आणखी एक बारकावा दुकानांत रोज घडतो, पण फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच दुकानात जुनी मुदतबाह्य उधारी आणि यंदाची नवी उधारी अशी दोन देणी असताना शेतकऱ्याने दहा हजार रुपये दिले आणि ते कोणत्या उधारीपोटी हे सांगितले नाही, तर १८७२ च्या कराराच्या कायद्यातील कलम ६० नुसार दुकानदार ती रक्कम जुन्या मुदतबाह्य देण्यात जमा करू शकतो. नवी उधारी मग तशीच उभी राहते आणि तिची मुदत शिल्लक असते. पैसे देतानाच ‘यंदाच्या बिलापोटी’ असे पावतीवर लिहून घेतले तर मात्र दुकानदाराला ते ऐकावे लागते.

एका सहीचा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी आणि सही करून देणे कबूल केले तर त्या सहीच्या दिवसापासून तीन वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात. हे कलम १८. वरच्या उदाहरणातील शेतकऱ्याने २ नोव्हेंबर २०२४ च्या दिवाळी पाडव्याला दुकानदाराच्या वहीत ‘बाकी ४० हजार, मान्य’ अशी सही केली असेल, तर दाव्याची मुदत २ नोव्हेंबर २०२७ पर्यंत गेली. ‘देईन’ असे शब्दही लागत नाहीत. देणे आहे एवढी कबुली पुरते. कलम १९ अन्वये मुदतीच्या आत काही रक्कम दिली आणि त्याची नोंद देणाऱ्याच्या अक्षरात अथवा सहीने असली तरी मुदत नवी होते. दुकानदाराने स्वतःच ‘रोख २ हजार जमा’ असे लिहिले तर होत नाही.

मुदत संपल्यानंतर केलेल्या सहीचा न्याय वेगळा आहे. त्याच शेतकऱ्याने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘माझ्याकडे ४० हजार बाकी आहेत’ एवढेच लिहून सही केली, तर कलम १८ चा दुकानदाराला काही उपयोग नाही. मेलेली मुदत नुसत्या कबुलीने जिवंत होत नाही. परंतु ‘ही बाकी मी देईन’ असे लिहून सही केली तर कराराच्या कायद्याचे कलम २५ लागू होते. मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी व सहीचे वचन हा तेथे नवा, वैध करार मानला गेला आहे. ‘बाकी आहे’ आणि ‘बाकी देईन’ या दोन वाक्यांत ४० हजार रुपयांचे अंतर पडते. वकिलाची नोटीस, वसुली एजंटाने पुढे केलेला छापील कागद, बँकेचे ‘बाकी कबुलीपत्र’ या सर्वांवर सही करण्यापूर्वी तारीख पाहावी आणि हे दोन शब्द शोधावेत.

धनादेशाचीही गोष्ट याच जातीची आहे. मुदतबाह्य देण्यापोटी दिलेला धनादेश वटला नाही तर फौजदारी कारवाई होऊ शकते काय, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली असा धनादेश म्हणजे कलम २५ खालचे लेखी वचनच होय, अशी भूमिका घेतली. ‘तारीख न टाकता नुसता एक चेक देऊन ठेव’ या आर्जवामागे काय दडलेले असू शकते, हे त्यावरून कळावे.

लोकअदालतीतील तडजोडीवर केलेली सहीसुद्धा हलकी समजू नये. लोकअदालतीचा निवाडा हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि त्यावर अपील नाही. बँकांच्या दावापूर्व नोटिसा घेऊन गावोगावचे लोक तेथे जातात. व्याजात सूट मिळते हे खरे आणि पुष्कळांना ती सोयीची असते. पण कर्ज मुदतबाह्य आहे काय, हा प्रश्न सहीपूर्वीच विचारावा लागतो. नंतर विचारून फळ नाही.

सुप्याची आठवण

तीन वर्षांची ही मुदत आणि सहीची ही तऱ्हा महाराष्ट्राला नवी नाही. ब्रिटिशांनी १८५९ साली मुदतीचा कायदा केला आणि कर्जरोख्यांवरील दाव्यांना तीन वर्षांचे बंधन घातले. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, असा त्यामागे हेतू होता. सावकारांनी त्यातून भलताच मार्ग काढला. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि साचलेले व्याज एकत्र करून ते नवे मुद्दल म्हणून लिहायचे आणि त्यावर कुणब्याचा अंगठा घ्यायचा. न वाचता येणाऱ्या कागदावर दर तिसऱ्या वर्षी अंगठा उठवताना कर्ज वाढत गेले. ज्या कायद्याने ऋणकोचे रक्षण व्हायचे त्यानेच रोखे फिरवून घेण्याचे वेळापत्रक सावकाराच्या हाती दिले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांचा रोख होता तो वह्यांवर आणि रोख्यांवर. ते हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्यांवरील दाव्यांची मुदत कमी न करता वाढवली. दर तीन वर्षांनी रोखा फिरवून घेण्याचे निमित्तच सावकाराला उरू नये, असा तो विचार होता. तो कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात, निराळ्या कारभाराखाली होता. आज मुदत पुन्हा तीनच वर्षांची आहे आणि अंगठ्याच्या जागी सही आली आहे. वहीत बाकी मान्य करून घेण्याचा रिवाज पाहिला की सुप्याचा इतिहास फार दूरचा वाटत नाही.

हुकूमनाम्याची बारा वर्षे

येथवर झाले ते दाव्यापूर्वीचे. दावा मुदतीत झाला आणि निकाल लागला, की हिशेब पूर्ण बदलतो. न्यायालयाचा हुकूमनामा अमलात आणण्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. हुकूमनामा अंमलबजावणीयोग्य होतो त्या दिवसापासून ती मोजतात. १९०८ च्या जुन्या कायद्यात ही मुदत तीनच वर्षांची होती आणि तिच्या आत न्यायालयात काहीतरी पाऊल उचलले की आणखी तीन वर्षे मिळत. असे करत कमाल बारा वर्षे. त्यातून केवळ मुदत जिवंत ठेवण्यासाठी निरर्थक दरखास्ती दाखल होत. विधी आयोगाने १९५६ च्या आपल्या तिसऱ्या अहवालात मुदतीच्या कायद्याची तपासणी केली आणि १९६३ च्या कायद्याने सरळ एकच बारा वर्षांची मुदत आणली.

पण या बारा वर्षांना लवचीकता नाही. उशीर माफ करण्याचे कलम ५ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ खालील अर्जांना, म्हणजेच दरखास्तीला, लागू नाही. देणे कबूल केल्याने किंवा काही रक्कम दिल्याने कर्जाची मुदत नवी होते, हुकूमनाम्याची होत नाही. कलम १८ आणि १९ मध्येच तसे स्पष्ट म्हटले आहे. ‘दरवर्षी थोडे थोडे देतो आहे, मग दरखास्तीची घाई कशाला’ असा विचार करणारा घेणेकरी तेराव्या वर्षी रिकाम्या हाताने परततो. नुसते अपील दाखल असणे पुरेसे नाही. वरिष्ठ न्यायालयाने स्थगिती दिली असेल तर तेवढा काळ वगळला जातो, आणि अपिलात गुणवत्तेवर निकाल झाला तर वरच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्यापासून मोजणी होते. वाटणीच्या दाव्यात तर आणखी एक खड्डा आहे. वाटणीचा अंतिम हुकूमनामा मुद्रांक कागदावर उतरेपर्यंत मुदत सुरू होत नाही, अशी समजूत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००५ साली ती खोडून काढली. बारा वर्षे हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच धावतात, मुद्रांक कुणी भरो वा न भरो. भावाभावांतील अबोल्यामुळे मुद्रांक न भरता पडून राहिलेले हुकूमनामे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी आज तारीख पाहावी.

करोनाकाळाने या हिशेबात एक भर घातली. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने मुदतीतून वगळला. हे ७१६ दिवस होतात. त्यापूर्वीच्या किंवा त्या काळातील हुकूमनाम्याची बारा वर्षे मोजताना यांतील जो भाग पडतो तो धरावा लागतो.

देणेकऱ्याच्या बाजूनेही येथे एक सापळा आहे आणि तो अधिक क्रूर आहे, असे आमचे मत आहे. हुकूमनामा झाल्यावर घेणेकऱ्याला न्यायालयाबाहेर पैसे दिले तर त्याची नोंद न्यायालयात करून घ्यावी लागते. घेणेकऱ्याने स्वतः ती केली नाही, तर देणेकऱ्याने पैसे दिल्यापासून तीस दिवसांत अर्ज केला पाहिजे. नोंद न झालेली फेड दरखास्त चालविणारे न्यायालय विचारात घेत नाही. पंचांसमक्ष पैसे मोजून दिले, हात मिळवले, चहा झाला आणि दहा वर्षांनी त्याच रकमेसाठी बेलिफ दारी आला, असे कायद्याच्या चौकटीत घडू शकते.

बेलिफ आला तरी सारेच जप्त होत नाही. शेतकऱ्याची अवजारे, शेतीला आवश्यक गुरे, बियाणे आणि त्याचे राहते घर यांना दिवाणी संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी कैद होऊ शकते, पण पैसे देण्याची ऐपत असून बुद्ध्या न देणाऱ्यालाच. निव्वळ गरिबीसाठी तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगून ठेवले आहे.

मुदतीत दरखास्त दाखल झाली की पैसे हाती आले, असेही नव्हे. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार देशात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या आणि त्यांतील सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील होत्या. दरखास्त बारा वर्षांच्या आत दाखल झाली असेल तर ती पुढे कितीही वर्षे चालो, मुदतीचा प्रश्न येत नाही. मात्र गैरहजेरीमुळे ती फेटाळली गेली आणि तोवर बारा वर्षे उलटून गेली असतील तर नवी दरखास्त करता येत नाही.

सोसायटी, बँक आणि सावकार

तीन वर्षांचा नियम गावातल्या सोसायटीला जसाच्या तसा लावणे ही मोठी फसगत ठरते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडील येणे वसूल करण्याच्या वादात मुदत मोजली जाते ती सभासदाचा मृत्यू झाल्याच्या किंवा सभासदत्व संपल्याच्या दिवसापासून. सभासद हयात आणि सभासद आहे तोवर घड्याळ चालूच होत नाही. शिवाय कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याची सोय संस्थांना आहे. दहा वर्षांपूर्वीचे सोसायटीचे कर्ज ‘मुदतीत बसत नाही’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने हे कलम वाचलेले नसते. २०१७ आणि २०१९ च्या राज्य सरकारच्या कर्जमाफी योजना सहकारी संस्था आणि बँकांच्या कर्जांना लागू होत्या. कृषी केंद्राची उधारी त्यांत बसत नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

बँकांना मुदतीचा कायदा लागू आहे. तारण मालमत्तेवर थेट ताबा मिळविण्याचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या कायद्यातही मुदतीच्या आतच कारवाई करण्याची अट आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली असे म्हटले, की दाव्याने वसूल होऊ न शकणारे मुदतबाह्य कर्ज महसुली वसुलीच्या मागच्या दाराने वसूल करता येणार नाही.

सावकाराबाबत महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा पाहावा लागतो. कर्ज देतेवेळी वैध परवाना नसेल तर सावकारीचा धंदा करणाऱ्याला न्यायालय हुकूमनामा देत नाही, मग दावा मुदतीत असो वा नसो. मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. हा आपला जुना दामदुपटीचाच नियम. सावकाराने कर्जापोटी विक्री, गहाण वा अन्य मार्गाने घेतलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते आणि त्यासाठी पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासता येतात. कागदावर खरेदीखत, मनात गहाण, अशा व्यवहारांवर हा उपाय आहे. अशा तक्रारी नोंदवून घेणे सोपे नसते, याचा बुलढाणा जिल्ह्याला अनुभव आहे. जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध केलेल्या सावकारीच्या तक्रारीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाने केलेल्या हस्तक्षेपाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी राज्य सरकारला १० लाख रुपयांचा भुर्दंड ठोठावला होता.

वारसांच्या दारी

या साऱ्या तरतुदींची खरी कसोटी लागते ती कर्ता पुरुष गेल्यावर. पश्चिम विदर्भात ही कसोटी किती घरांना द्यावी लागली, हे सांगण्याची गरज नाही. तेरावे होते न होते तोच घेणेकरी येतो आणि ‘बापाचे देणे पोराने फेडलेच पाहिजे’ असे सांगून मुलाची किंवा पत्नीची कागदावर सही मागतो. धर्मशास्त्राने सांगितलेले पितृऋण आता कायद्याने वसूल करता येत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने केवळ पुत्रधर्माच्या आधारावर मुलावर, नातवावर वा पणतूवर कर्जवसुली करण्यास न्यायालयांना मनाई केली. त्यापूर्वीच्या कर्जांचा न्याय मात्र जुन्या पद्धतीने होतो. वारस जबाबदार असतो तो मृताकडून त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरता. तीन एकर वडिलार्जित जमीन मिळाली असेल तर वसुली तेवढ्यातून. मुलाचा स्वतःचा पगार, सुनेचे दागिने किंवा पत्नीचे माहेरचे शेत यांतून नाही.

परंतु त्याच वारसाने ‘हे देणे मी देईन’ असे लिहून सही केली की चित्र पालटू शकते. जे देणे वारसाहक्काच्या मालमत्तेपुरते होते ते त्याच्या स्वतःच्या वचनाचे होऊ लागते, आणि मुदतबाह्य असेल तर कलम २५ मुळे त्यात पुन्हा जीव येतो. दुःखाच्या त्या दिवसांत पुढे आलेल्या कागदावर सही न करता त्याची झेरॉक्स मागून घेणे, मूळ कर्जाची तारीख विचारणे आणि मृताने शेवटची सही कधी केली होती हे पाहणे, यात कुणाचा अपमान होत नाही. बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि तालुका विधी सेवा समितीकडे वकील विनामूल्य मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज साध्या कागदावरही करता येतो. सोबत कर्जाच्या कागदाची प्रत आणि आलेली नोटीस जोडावी. नोटीस पाकिटासह जपून ठेवावी, कारण तारखेचा शिक्का पुष्कळदा पाकिटावरच असतो.